मॅपलच्या सॅपमधलं मीड अर्ध्यातच थांबलं, त्याचं पूर्ण प्रकरण

माझा भाचा अमेरिकेत व्हरमाँटला असतो, घर चोपडा तालुक्यातलं, केळी आणि कपाशीचं. त्याने यंदा मॅपलच्या सॅपमधे, म्हणजे त्या झाडाच्या रसात, मध घालून मीड लावलं, म्हणजे मधाची वाइन म्हणा, ते पहिले काही दिवस जोरात उकळल्यासारखं चाललं आणि मग अर्ध्यात गप्प झालं. मी जळगावला फर्मेंटेशनचंच काम करतो, म्हणून फोन मामाला. असं अडकलेलं मीड म्हटलं की दहातले नऊ जण एकच सांगतात, थंडीने झालं असेल, गरम जागी ठेव. इथे थंडी होतीच, पण मुळातलं कारण वेगळं होतं आणि ते पहिल्या आठवड्यातच ओळखता आलं असतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती बीअर बनवायला मोकळीक मिळाली, वाइन त्याच्याही आधीपासून चालते, दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत, विकायची नाही आणि भट्टी लावून दारू काढायची अजिबात नाही. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, लायसन्सशिवाय घरी आंबवून दारू बनवणं हा गुन्हा आहे, मग ती मधाची असो की मोहाची. पुण्या-नाशिककडे मीड बनवणारे आहेत ते रीतसर परवाना घेऊन बनवतात. तेव्हा हे वाचून कोणी घरात कॅन भरून ठेवू नका. प्रकरण तिकडचं आहे, समजून घ्यायला आपल्याला कुठेच अडचण नाही.

आता सॅप म्हणजे काय ते. शुगर मॅपल नावाचं झाड, फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान रात्री बर्फ पडेल एवढी थंडी आणि दिवसा शून्याच्या वर गेलं की खोडात दाब तयार होतो आणि भोक पाडून नळी लावली की पाणी ठिबकतं. हो, पाणीच, दिसायला पाण्यासारखं स्वच्छ, गोडी जेमतेम २ टक्के. चाळीसेक लिटर सॅप आटवलं तेव्हा कुठे एक लिटर सिरप होतं. त्या २ टक्क्यात जवळजवळ सगळी साधी साखर, सुक्रोज, थोडं पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, मॅंगनीज, आणि नायट्रोजन नावापुरता. हे शेवटचं लक्षात ठेवा.

व्हिडिओ कॉलवर ताई पण होती, तिचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता. म्हणे आपल्याकडे शिंदीचा रस सकाळी उतरवला की दुपारपर्यंत चढतो, यीस्ट नाही की पुडी नाही, मग याला काय धाड भरली? याचं उत्तर झाडातच आहे. शिंदी-ताडीचा रस म्हणजे पानांनी बनवलेली साखर ज्या नळ्यांतून वाढीच्या जागेकडे जाते त्यातला रस, दहा-बारा टक्के गोड आणि सोबत अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं असं यीस्टला लागणारं सगळं. त्यात आपल्याकडची उष्णता. मॅपलचं सॅप येतं लाकडातल्या पाण्याच्या वाटेने, मागच्या उन्हाळ्यात साठवलेल्या स्टार्चची साखर होऊन. गोड पाणी आहे ते, यीस्टसाठी जेवण नाही. दोन्ही झाडाचे रस म्हणून एकसारखे वागतील ही अपेक्षाच चुकीची.

भाच्याने काय काय केलं ते मी त्याच्याकडून लिहून घेतलं, कारण अशा वेळी माणूस जे महत्त्वाचं वाटतं तेच सांगतो आणि बाकी गाळतो. ३० लिटर सॅप, ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून, हंगामाच्या सुरुवातीचं. ते आटवून १५ लिटर केलं, म्हणजे गोडी ४ टक्क्यांच्या आसपास. झाकून थंड केलं. त्यात ६ किलो मध, क्लोव्हर नावाच्या चाऱ्याच्या फुलांचा, फिक्या रंगाचा. सगळं मिळून १९ लिटरच्या थोडं वर. ७१बी नावाचं वाइन यीस्ट, ५ ग्रॅमचं एक पाकीट, कोरडंच वरून भुरभुरलं. आणि पोषण म्हणून मूठभर बेदाणे, कारण कुठल्यातरी व्हिडिओत तसं सांगितलेलं. काचेचा कार्बॉय म्हणजे मोठी बरणी, वर एअरलॉक म्हणजे गॅस बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं बूच, तळघरात ठेवला, तिथे १२-१३ अंश.

सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे रसाची घनता, १.१०८. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाणी १.०००, साखर जितकी जास्त तितका आकडा वर, आणि साखरेचा अल्कोहोल होत गेला की आकडा खाली येतो. १.१०८ वरून १.००० ला आलं तर १४ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, आणि ७१बी ची सहनशक्ती साधारण तेवढीच सांगतात. म्हणजे यीस्टला पहिल्या दिवसापासून पार शेवटच्या टोकापर्यंत पळवायचं ठरवलं होतं, तेही एका पाकिटावर. एवढ्या गोड रसाला मी दोन पाकिटं घातली असती.

तो म्हणाला, मामा, गेल्या वर्षी पण असंच केलं होतं आणि ते तर पूर्ण झालं. मला हे वाक्य फार कामाचं वाटलं. जमलेलं आणि न जमलेलं शेजारी ठेवून फरक मोजला की निम्मं काम होतं. मग गेल्या वर्षीचं विचारलं. मध साडेचार किलो, सॅप न आटवता १६ लिटर, सुरुवात १.०७८. मध काळसर, रानफुलांचा. सॅप हंगामाच्या शेवटचं, झाडाला कळ्या फुगायला लागल्या होत्या, शेतकऱ्याने सिरपला चालत नाही म्हणून दिलेलं. म्हणजे "असंच" कुठे होतं? कळ्या फुटायच्या वेळी सॅपमधे अमिनो आम्लं वाढतात, त्यानेच सिरपला वाईट चव येते, पण यीस्टला तेच खाणं. व्हरमाँटमधे शेवटच्या सॅपची बीअर करायची जुनी पद्धत आहे, त्याच्या मागे हा हिशोब आपोआप बसलेला असणार असं मला वाटतं. काळसर मधात पण फिक्या मधापेक्षा प्रथिनं आणि क्षार जास्त. आणि साखर कमी असल्याने यीस्टला पळायचं अंतरही कमी. यंदा तिन्ही गोष्टी उलट्या झाल्या, आणि वरून सॅप उकळलेलं.

उकळण्याचं बरेच जण विसरतात. पाणी उकळलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. यीस्टला दारू बनवायला हवा लागत नाही हे खरं, पण पहिल्या दिवशी स्वतःची पेशी नीट बांधायला लागते, त्या पेशीच्या आवरणातलं स्टेरॉल ऑक्सिजनशिवाय तयार होत नाही. ते कमी पडलं तर सुरुवातीला काही कळत नाही, अल्कोहोल ६-७ टक्क्यांच्या पुढे गेला की ती पेशी तग धरत नाही. त्याने झाकून थंड केलं आणि न हलवता ओतलं, म्हणजे हवा मिळायची एक संधी होती ती पण गेली.

आता तपासणी. पहिली गोष्ट, खरंच थांबलंय का? त्याच्याकडे शेतकऱ्याचा रिफ्रॅक्टोमीटर होता, आपल्याकडे ऊसवाल्यांकडे असतो तोच हातातला, थेंब टाकून उजेडाकडे धरून बघायचा. त्यात ब्रिक्स, म्हणजे साखरेची टक्केवारी, १७.५ आणि १८ च्या मधे दिसत होता. चार्ट बघून त्याने ते १.०७२ च्या वर धरलं आणि घाबरला, की तिसरा हिस्सा पण झाला नाही. पण रिफ्रॅक्टोमीटर अल्कोहोल आला की फसवतो, कारण अल्कोहोल पण प्रकाश वाकवतो आणि यंत्राला ते साखरच वाटते. सॅप मोजायला उत्तम, आंबायला लागल्यावर नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. मी म्हटलं हायड्रोमीटर आण, म्हणजे रसात तरंगवून ग्रॅव्हिटी मोजायची काचेची नळी. दुसऱ्या कॉलला त्याने उंच नळकांड्यात नमुना घेतला, हायड्रोमीटर सोडला, आणि तो वर-खाली होऊन काचेला चिकटून उभा राहिला. बुडबुडे चिकटले होते देठाला. मी सांगितलं बोटाने गरकन फिरव, बुडबुडे सुटू दे, नाहीतर तो उगाच वर तरंगतो. फिरवला, थोडा खाली बसला, मोबाइल जवळ नेला, १.०५०. तीन दिवसांनी परत, तेच १.०५०. म्हणजे ७.६ टक्के अल्कोहोल झालाय, अर्ध्याच्या जरा पुढे, आणि तिथे खरोखर थांबलंय.

दुसरं, तापमान. मला विचारायच्या आधीच त्याने कार्बॉय वर घरात आणला होता, २० अंशावर, आठवडाभर. ७१बी ला १५ च्या वर आवडतं, म्हणजे तळघर त्याला थंडच होतं. पण गरम केल्यावर आकडा जेमतेम हलला, आणि परत गप्प. थंडी हेच मुख्य कारण असतं तर उबेत आल्यावर यीस्ट पुन्हा चालायला लागलं असतं. इथे ते उबेत पण चाललं नाही. माझ्यासाठी प्रकरण इथे फिरलं.

तिसरं, वास. मी सहज विचारलं, पहिल्या आठवड्यात कसला वास आला का? तर म्हणे हो, पाचव्या-सहाव्या दिवशी सडक्या अंड्यासारखा, पण दोन दिवसात गेला म्हणून बोललो नाही. अरे बाबा, तेच तर बोलायचं होतं! नायट्रोजन कमी पडला की यीस्ट हायड्रोजन सल्फाइड सोडतं, हा त्याचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वस्त इशारा आहे. त्याच वेळी खाणं दिलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. घरी मीड करणाऱ्यांना मी एकच सांगेन, एअरलॉकच्या बुडबुड्यापेक्षा नाकावर जास्त भरवसा ठेवा.

चौथं, पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आंबट. ३.० भरला, मीटर ४ आणि ७ पीएचच्या तयार द्रावणांत तपासून घेतल्यावर. मधाचा पीएच मुळात ४ च्या आसपास असतो, पण आम्ल आलं तरी पीएच सावरून धरायची ताकद त्यात कमी, आणि सॅप तर बहुतेक पाणीच. आंबताना आम्ल बनतं आणि आकडा धपकन खाली येतो. ३.० ला यीस्ट लगेच मरत नाही पण उपाशी, थकलेल्या यीस्टला तेवढं पुरतं.

दाजी हे सगळं बाजूला बसून ऐकत होते, जन्मभर केळी केलेला माणूस, त्यांनी मधेच एका वाक्यात निदान केलं. "खत कमी पडनं व्हई त्याले, डीएपी टाक म्हना." आणि खरं सांगतो, शंभर टक्के बरोबर. मीडवाले सुरुवातीला जे पोषण वापरतात त्यात डीएपी असतोच, डायअमोनियम फॉस्फेट, तोच पदार्थ. पण दोन गोष्टी मी लगेच स्पष्ट केल्या आणि इथे पण करतो. एक, आपल्या गोणीतला १८:४६ खताचा डीएपी खाण्यापिण्याच्या वस्तूत कधीच घालायचा नाही, त्यात जड धातू आणि इतर अशुद्धी असू शकतात, खाद्य दर्जाचा वेगळा मिळतो. दोन, आता वेळ निघून गेली होती. अल्कोहोल ९ टक्क्यांच्या पुढे गेला की यीस्ट डीएपी मधला अमोनिया आत घेऊच शकत नाही, आणि ७.६ ला थकलेल्या यीस्टचं पण काही खरं नाही. ते तसंच शिल्लक राहतं, चव बिघडवतं, नको त्या जंतूंना आयतं खाणं होतं. दाजींना हे लगेच पटलं, कारण ड्रिपमधून केळीला युरिया विभागून सोडतात तो याच हिशोबाने, झाड वाढीत असताना थोडा थोडा, आणि घड पक्का झाल्यावर गोणी ओतून उपयोग नाही.

बेदाण्यांबद्दल पण लिहायलाच पाहिजे कारण हा समज फार पसरलाय. एवढ्या साखरेच्या रसाला दर लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास यीस्टला वापरता येईल असा नायट्रोजन लागतो, म्हणजे पूर्ण कार्बॉयला साधारण ४ ग्रॅम. मूठभर बेदाण्यातून मिळतो तो याच्यापुढे काहीच नाही. चवीला घाला, पोषण म्हणून नको.

तर माझं निदान असं झालं. मुख्य कारण नायट्रोजनची उपासमार, फिका मध आणि सुरुवातीचं सॅप दोन्ही रिकामे. त्याच्या जोडीला उकळलेल्या सॅपमधे ऑक्सिजन नाही आणि यीस्ट निम्मंच. त्यातून आलेली पीएचची घसरण. आणि थंडी सगळ्यात शेवटी, तिने वेग कमी केला, थांबवलं नाही. हा क्रम मी छातीठोकपणे सांगतो कारण वास, उबेत आणल्यावरचं वागणं आणि गेल्या वर्षीचं मीड, तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवत होते.

उपाय करताना सगळ्यात मोठा मोह असतो अजून एक पाकीट यीस्ट वरून टाकायचं. ते करायचं नाही. ७.६ टक्के अल्कोहोल, ३.० पीएच आणि उरलेली साखर यात कोरडं यीस्ट सोडलं तर बहुतेक तिथेच मरतं. आधी कार्बॉय हलक्या हाताने ढवळून आतला कार्बन डायऑक्साइड काढला, घाई न करता, कारण पावडर आधी टाकली तर फेस उसळून निम्मं मीड जमिनीवर येतं. मग आम्ल कमी करायला पोटॅशियम बायकार्बोनेट अगदी थोडं थोडं, दर वेळी पीएच बघत, ३.५ पर्यंत. मग सेंद्रिय पोषण, निष्क्रिय यीस्टपासून बनवलेलं, ६ ग्रॅम कोमट पाण्यात कालवून. यातला नायट्रोजन अमिनो आम्लांचा असतो, यीस्टला पचायला बरा. हे मिळालं नसतं तर बेकरीचं यीस्ट पाण्यात दहा मिनिटं उकळून मारून घातलं असतं, ते पण चालतं.

नवीन यीस्ट घेतलं ईसी-१११८, हे १८ टक्क्यांपर्यंत टिकतं आणि अडकलेलं सोडवायला बहुतेक जण हेच वापरतात. १० ग्रॅम यीस्ट, ४० अंशाच्या पाण्यात गो-फर्म प्रोटेक्ट नावाचं भिजवायचं पोषण साडेबारा ग्रॅम, त्यात स्टेरॉल असतात म्हणजे ऑक्सिजनची उणीव काही प्रमाणात भरून निघते. वीस मिनिटं भिजवलं. मग त्यात थोडं मध-पाणी, फेस आल्यावर अडकलेल्या मीडचा कपभर, परत चाललं की जेवढं आहे तेवढंच अजून मीड, परत वाट बघायची. थोडक्यात नव्या यीस्टला हळूहळू त्या वातावरणाची सवय लावायची आणि चार-पाच लिटर जोरात चालायला लागलं की बाकीच्यात मिसळायचं. त्याने पूर्ण दिवस याच्यामागे घातला, तिकडची रात्र ती आपली सकाळ, मला दर टप्प्याला फोटो येत होते, कुठेही उरकून टाकलं नाही, याचं मला फार कौतुक वाटलं.

तिसऱ्या दिवशी एअरलॉक बोलायला लागला. आठवड्यात १.०३१, मग हळू, मग अजून हळू, आणि १.०१० ला येऊन थांबलं ते थांबलंच, साधारण १२.९ टक्के. अजून खाली जायला हवं होतं का? जाऊ शकलं असतं. पण यीस्ट ग्लुकोज आधी खातं आणि फ्रुक्टोज मागे ठेवतं, मधात मुळात फ्रुक्टोज जास्त, त्यामुळे शेवटी उरतं ते त्याच्या नावडीचं. पुन्हा छेडायला मी नको म्हटलं. हलकं गोड मीड म्हणून ते छान आहे असं तो सांगतो, अंड्याचा वास पूर्ण गेलाय. मॅपलची चव मात्र जवळजवळ नाही, शेवटी किंचित लाकडासारखं काहीतरी. हे होणारच होतं. सॅपमधे सिरपची चव नसतेच, ती आटवताना बनते. मॅपल जाणवायला पाहिजे असेल तर गडद सिरप पहिला जोर ओसरल्यावर घालावं, सॅपवर खर्च करू नये असं माझं मत, सॅपचा फायदा क्षारांपुरता.

पुढच्या मार्चसाठी त्याला लिहून दिलंय. काळसर मध, ५ किलोच्या आत. सॅप उकळलं तर थंड झाल्यावर खळखळून ढवळायचं, हवा जाऊ दे. दोन पाकिटं यीस्ट, भिजवून. पोषण चार हप्त्यात, २४ तासाला, ४८ ला, ७२ ला, आणि चौथा एकतृतीयांश साखर संपली की, यंदाच्या १.१०८ ला तो आकडा १.०७२ आला असता. त्याच्यानंतर डीएपी नाही. पीएच पहिल्या आठवड्यात रोज. तापमान १७-१८.

सध्या ते दुसऱ्या कार्बॉयमधे निवळायला ठेवलंय. बाटल्या भरायची त्याला घाई होती, मी थांबवलंय, कारण १.०१० ला साखर शिल्लक आहे आणि यीस्ट नुसतं झोपलंय, उन्हाळ्यात घर तापलं की बंद बाटलीत परत सुरू होईल आणि काच फुटेल. आधी पूर्ण निवळू दे, मग गाळावरून काढून यीस्ट परत सुरू होऊ नये म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि पोटॅशियम सॉर्बेट दोन्ही एकत्र, एकटं सॉर्बेट पुरत नाही, आणि त्याच्यानंतर महिनाभर ग्रॅव्हिटी जागची हलली नाही तरच बाटली.